सोयाबीन आणि थायरॉईड : ग्रंथीवरचा परिणाम वेगळा, गोळीवरचा वेगळा

थायरॉईडच्या रुग्णाला ‘सोयाबीन बंद करा’ असे हमखास सांगितले जाते आणि त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. सोयाबीनमधील संयुगांचा ग्रंथीच्या कामावर होणारा परिणाम ही एक. लेव्होथायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉईड संप्रेरकाची उणीव भरून काढणाऱ्या, गोळीच्या शोषणात येणारा अडथळा ही दुसरी. दोन्हींमुळे टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारे संप्रेरक; ते वाढणे ही थायरॉईड संप्रेरक कमी पडत असल्याची खूण) वाढू शकते, म्हणून नुसत्या अहवालावरून कारण उमगत नाही.

ग्रंथीविषयीची शंका निराधार नाही. जेनिस्टीन आणि डाइडझीन ही सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन संयुगे, आयोडीन जोडून संप्रेरक घडवणाऱ्या थायरॉईड पेरॉक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) रोखतात, हे १९९७ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले गेले. त्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या आसपास, अमेरिकेत सोयापिठाच्या दुधावर वाढणाऱ्या काही बाळांना गलगंड झाला होता. त्या दुधात आयोडीन घालू लागल्यावर ही तक्रार जवळजवळ थांबली. मेख आहे ती आयोडीनमध्येच. पुरेसे आयोडीन मिळणाऱ्या निरोगी प्रौढांवरील चाचण्यांत टी३ आणि टी४ या थायरॉईड संप्रेरकांत लक्षणीय फरक आढळलेला नाही. मात्र ज्यांची ग्रंथी आधीच काठावर आहे, त्यांनी जपावे : ब्रिटनमधील २०११ च्या एका अभ्यासात अशा ६० रुग्णांपैकी ६ जणींचा आजार, रोज १६ मिलिग्रॅम सोया-फायटोइस्ट्रोजेन (आयसोफ्लेव्होन याच गटातली) घेत असताना, उघड हायपोथायरॉईडिझमपर्यंत (थायरॉईडच्या स्पष्ट कमतरतेपर्यंत) गेला.

गोळीच्या बाबतीत ग्रंथीचा संबंधच नसतो. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढलेल्या रुग्णातही हा अडथळा येऊ शकतो, कारण तो आतड्यात घडतो. जन्मतः थायरॉईडची कमतरता असलेल्या आणि सोयादुधावर असलेल्या बाळांना औषधाची मात्रा वाढवावी लागल्याच्या नोंदी आहेत. माझ्या मते गोळी घेणाऱ्या बहुतेकांनी याच गोष्टीकडे जास्त लक्ष द्यावे, कारण येथे सोयाबीन सोडण्याऐवजी वेळ सांभाळली तरी बहुधा भागते. गोळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी, न्याहारी अर्ध्या-एक तासाने करावी आणि सोयाचे पदार्थ आणखी काही तासांनी खावेत. गव्हात सोयाबीन घालून दळून आणणाऱ्या घरात रुग्णाची मात्रा त्या आहारासकटच ठरलेली असते. पंचाईत होते ती मध्येच सोया प्रोटीनची पावडर सुरू केल्यावर किंवा नेहमीचे सोयाबीन एकदम सोडल्यावर. असा बदल केल्यास डॉक्टरांना सांगून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावे. (रिफाइंड सोयाबीन तेलात प्रथिने आणि आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतातच, ते दोन्ही प्रश्नांच्या बाहेर आहे.)