बॅटरीची पट्टी आणि दहा नंबरचा पाना

नवी बॅटरी बसवून घेताना आपलं लक्ष बहुधा तीनच गोष्टींकडे असतं. वॉरंटी किती, जुन्या बॅटरीचे किती वजा होणार, आणि गाडी एका सेल्फमध्ये चालू होते का. सेल्फ लागला, हॉर्न खणखणीत वाजला की बॉनेट बंद. अनेकदा तेव्हा बॅटरी दाबून धरणारी लोखंडी पट्टी आणि तिचे दोन लांब हुकाचे बोल्ट दुकानाच्या फळीवरच राहून गेलेले असतात. नवी बॅटरी जुनीपेक्षा बोटभर उंच निघते, पट्टी बसत नाही, मग ‘एवढी जड आहे, कुठे जातेय ती?’ म्हणून विषय संपतो. हा निष्काळजीपणा मला फार खटकतो. त्या पट्टीची किंमत बॅटरीपुढे काहीच नाही आणि बॅटरीचं आयुष्य, गाडीतली वायरिंग, प्रसंगी गाडीतली माणसंही तिच्यावर अवलंबून असतात.

लहान हॅचबॅकची बॅटरी साधारण ९-१० किलोची असते, मोठ्या डिझेल गाडीची १५ ते २० किलोपर्यंत जाते. जड वस्तू हलत नाही, हे उभ्या गाडीपुरतं खरं. नाशिकहून त्र्यंबक किंवा इगतपुरीच्या बाजूला भर पावसाळ्यात गेलात तर चाक खड्ड्याच्या कडेवरून खाली उतरतं आणि त्याबरोबर गाडीची बॉडीही झटक्यात खाली येते. मोकळी सोडलेली वस्तू जशी खाली पडेल, त्याहून जास्त झटक्याने बॅटरीखालचा ट्रे खाली गेला की बॅटरी मागे राहते, म्हणजे ट्रेवरून किंचित उचलली जाते. पुढच्याच क्षणी ट्रे वर येतो आणि ती त्याच्यावर आदळते. पट्टीने आवळलेली बॅटरी बॉडीबरोबर खाली-वर होते, तिला हा आदळण्याचा मार बसत नाही. मोकळ्या बॅटरीला तो दर खड्ड्याला बसतो. घाटातल्या वळणांवर ती कडेलाही सरकते.

आदळल्यावर आत काय होतं, हे कळायला बॅटरीच्या पोटात डोकवावं लागतं. फ्रेंच संशोधक गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसं आणि गंधकाम्ल वापरून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी केली. आपल्या गाडीतली आजही त्याच घराण्यातली आहे. प्लास्टिकच्या डब्यात सहा कप्पे म्हणजे सेल, प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्टचा, म्हणून पूर्ण चार्ज झालेली ‘१२ व्होल्टची’ बॅटरी प्रत्यक्षात १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या मिश्रधातूच्या जाळ्या असतात आणि त्यांच्यावर लगदा थापून सुकवलेला असतो, ही झाली प्लेट. धन प्लेटवर चॉकलेटी रंगाचा लेड डायऑक्साइड, ऋण प्लेटवर करडं, सच्छिद्र शिसं. वीज साठते ती या लगद्यात. जाळी फक्त त्याला धरून ठेवते आणि वीज बाहेर पोचवते.

लगद्याची ही पकड मुळात नाजूक असते. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं, आणि ते मूळ पदार्थापेक्षा जास्त जागा घेतं. चार्ज झाल्यावर लगदा पुन्हा आकसतो. या फुगण्या-आकसण्याने धन प्लेटचा लगदा हळूहळू भुसभुशीत होत जातो, नीट बसवलेल्या बॅटरीतसुद्धा. सतत आदळणाऱ्या बॅटरीत मात्र तो भुसभुशीत होण्याची वाट न पाहता झडायला लागतो. झडलेला भाग तेवढी वीज कायमची घेऊन जातो. जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्यांत हा चिखल तळाशी साचत प्लेटांच्या खालच्या कडांना भिडतो आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. मेकॅनिक ‘एक सेल गेला’ म्हणतो, त्यामागे अनेकदा हे असतं. आता प्लेटा पॉलिथिनच्या पाकिटांत घातलेल्या असतात, त्यामुळे असं शॉर्ट होणं कमी झालंय, पण जाळीवरून सुटलेला लगदा पाकिटात असला तरी वाया गेलेलाच. उन्हाळ्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि बॉनेटखाली त्याहून बराच जास्त ताप असतो. त्या तापात जाळीचं शिसंही वेगाने गंजतं. गंजलेली जाळी आणि वरून धक्के, असं एकत्र आलं की चार वर्षं चालणारी बॅटरी दोन वर्षांत मान टाकू शकते. दोष मात्र कंपनीला दिला जातो.

सेलना एकमेकांशी जोडणारे शिशाचे जोडही धक्क्यांनी तडकतात. हा बिघाड जास्त वाईट. आदल्या संध्याकाळी ठणठणीत असलेली बॅटरी सकाळी पूर्ण गप्प होते. शिवाय सेल्फ मारताना शंभर-दोनशे अँपिअर, डिझेल गाडीत त्याहून जास्त करंट तडकलेल्या जोडातून जाऊ पाहतो आणि तिथे ठिणगी पडू शकते. चार्ज होताना बॅटरीत पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजनही पेट घ्यायला पुरतो. बॅटरी फुटते ती बहुतेक वेळा अशाच ठिणगीने. उडालेलं ॲसिड अंगावर किंवा डोळ्यांत गेलं, तर ताबडतोब वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि डोळ्यांचं असेल तर लगेच डॉक्टर गाठायचा.

आता बाहेरच्या वायरींकडे येऊ. बॅटरी सरकते तेव्हा टर्मिनलवर बसवलेल्या जाड केबली प्रत्येक हिसक्याला ओढल्या जातात आणि क्लिप सैल पडते. समजा सैल क्लिपमुळे तिथे फक्त ०.०२ ओहमचा रोध आला. सेल्फ १५० अँपिअर ओढत असेल, तर त्या एका सांध्यावर ३ व्होल्ट गळतात आणि ४५० वॅट उष्णता निघते. म्हणजे सेल्फला ताकद पोचत नाही, आणि शिशाची क्लिप हात लावता येणार नाही इतकी तापते. चालत्या गाडीत क्लिप पूर्ण सुटली तर अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या जनित्राची, वीज शोषून घेणारी बॅटरीच साखळीतून जाते. संरक्षण नसेल तर व्होल्टेज क्षणभर ८०-१०० पर्यंत उसळू शकतं. हल्लीच्या अल्टरनेटरमध्ये ही उसळी छाटणारे डायोड असतात, तरी इंजिन सांभाळणाऱ्या महागड्या कंट्रोल युनिटवर अशी परीक्षा पाहायची काही गरज नाही.

सगळ्यात मोठा धोका शॉर्टचा आहे. गाडीची बॉडी, बॉनेटसकट, बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असते. उंच बॅटरी उडून तिचं धन टर्मिनल बॉनेटच्या पत्र्याला टेकलं की झालं. बॅटरीच्या आतला रोध ओहमच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणजे हजार अँपिअरच्या घरात करंट वाहू शकतो. सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलीला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो, त्यामुळे हा करंट तोडायला मध्ये कोणी नाही. पत्रा लाल होतो, इन्सुलेशन वितळतं, शेजारी इंधनाची नळी असते. धन टर्मिनलवरचं लाल झाकण म्हणूनच हरवू द्यायचं नाही.

अपघाताचा हिशोबही करून पाहा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी समोरचा भाग चेपत सुमारे ६० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट मंदन होतं. दहा किलोची बॅटरी पट्टीला तेव्हा १६० किलोच्या जोराने ओढते, म्हणजे कांद्याच्या ५० किलोच्या तीन गोण्यांहून जास्त. ट्रेचा उंचवटा किंवा केबली एवढा भार पेलत नाहीत.

दिंडोरी, पिंपळगावकडे द्राक्षबागांत फिरणाऱ्या ट्रॅक्टरवर बॅटरी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली दिसते. काहीच नसण्यापेक्षा बरी वाटते, पण रबर ताणतं. ताणणाऱ्या रबराला टांगलेलं वजन स्वतःच्या चालीने डोलू लागतं आणि ठराविक वेगाच्या हादऱ्यांत ते डोलणं वाढतंसुद्धा. ऊन, तेल आणि ॲसिड यांनी ट्यूब काही महिन्यांत चिरते. थर्माकोलच्या तुकड्यांची पाचरही तशीच, दबून पातळ होते.

खरा उपाय खरेदीच्या वेळीच सुरू होतो. बॅटरीवर ‘३८बी२०एल’ असं काहीतरी छापलेलं असतं. यातला ‘बी’ उंची आणि रुंदीचं माप सांगतो, २० म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी, आणि शेवटचा ‘एल’ किंवा ‘आर’ टर्मिनल कोणत्या बाजूला ते सांगतो. जुनीच्या कोडशी हे तिन्ही जुळलं तर जुनी पट्टी बसते. फक्त एल-आर चुकलं तरी केबली ताणाव्या लागतात आणि धन टोक लोखंडी पट्टीच्या किंवा पत्र्याच्या जवळ येतं. पट्टी हरवली असेल तर त्याच गाडीच्या मापाची मागा. काही गाड्यांत वरची पट्टी नसून बॅटरीच्या तळाची कड दाबणारा छोटा क्लॅम्प असतो, तो खाली असल्याने बसवला नाही तरी लक्षात येत नाही.

बहुतेक गाड्यांत या कामाला दहा नंबरचा पाना पुरतो. सोडताना आधी ऋण केबल काढायची, जोडताना ती शेवटी लावायची. ऋण सुटलेली असली की धन टोकावरचा पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. पट्टी आवळायची ती दोन्ही हातांनी हलवल्यावर बॅटरी ढिम्म राहील इतकीच. त्यापुढे आवळली तर प्लास्टिकचा डबा वाकतो आणि चीर पडून ॲसिड झिरपतं. टर्मिनलवर पांढरट किंवा निळसर भुकटी जमली असेल तर केबली सोडून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती धुवावी, फेस यायचा थांबला की ॲसिड संपलं. तेच पाणी ट्रेवरही फिरवावं. ट्रेखालचा पत्रा गंजून पोखरला असेल तर पट्टीच्या आधी तो दुरुस्त करावा लागतो, कारण हुकाचा बोल्ट अडकतो तो त्याच पत्र्याच्या भोकात.