व्हिनेगर, एचपीव्ही आणि धाराशिवच्या सव्वा लाख बायका

घरी मंचुरियन करताना आपण व्हिनेगर टाकतो ना, साधारण तेवढ्याच ताकदीचं ॲसेटिक ॲसिड, ३ ते ५ टक्के, कापसाच्या बोळ्यावर घेऊन गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचं आणि घड्याळ बघत एक मिनिट थांबायचं. झाली गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची टेस्ट. चांगल्या पेशी गुलाबीच राहतात, बिघडायला लागलेल्या पेशींत प्रोटीन ठासून भरलेलं असतं ते गोठतं आणि तेवढाच भाग पांढरा दिसतो, अंडं उकडल्यावर आतलं पाणीदार पांढरं होतं तसाच काहीसा प्रकार. थोड्या वेळानं तो डाग निघूनही जातो. याला व्हीआयए म्हणतात, म्हणजे ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचं.

आता या टेस्टची खरी परीक्षा आपल्याकडेच झाली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. १९९९ पासून. डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन हे फ्रान्समधल्या लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेचे, त्यांच्यासोबत मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बायका, गावांचे ५२ गट, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसं नशिबावर ठरवलं की कुठल्या गटाला व्हिनेगर, कुठल्याला पॅप स्मिअर (तिथल्या पेशी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघायच्या), कुठल्याला एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर करणारा व्हायरसच शोधायचा) आणि कुठल्याला काहीच नाही, फक्त नेहमीची सोय. टेस्ट एकदाच. मग आठ वर्षं मोजत बसायचं.

२००९ साली निकाल आला. एचपीव्ही गटात १२७ कॅन्सर सापडले आणि काहीच न केलेल्या गटात ११८, म्हणजे वरवर बघितलं तर टेस्ट करून काय मिळवलं असंच वाटेल. पण पुढच्या स्टेजला गेलेले बघा, ३९ आणि ८२. मृत्यू ३४ आणि ६४. टेस्टनं कॅन्सर वाढवला नाही हो, तो लवकर पकडला म्हणून आकड्यात दिसला. व्हिनेगर आणि पॅप स्मिअरच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये ठोस फरक पडला नाही.

मग व्हिनेगर फेल? इथेच गंमत आहे. तमिळनाडूत दिंडिगलला ट्रेनिंग घेतलेल्या नर्सनी एकदाच व्हीआयए केली तर मृत्यू ३५ टक्के कमी झाले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून दर दोन वर्षांनी, चार वेळा हीच टेस्ट केली तर ३१ टक्के. तीच बाटली, तोच कापूस, निकाल वेगळे. माझ्या मते खरी मेख डोळ्यात आहे. नुसती सूज असली तरी पांढरं दिसतं, पाळी थांबल्यावर बघायची जागा आत सरकते आणि दिसतच नाही, त्यात दिवसभरात ढीगभर बायका तपासून डोळे थकतात ते वेगळंच. एचपीव्हीची टेस्ट मशीन करतं, आणि मशीन थकत नाही.

पण मशीनला लॅब लागते, रिपोर्ट नंतर येतो आणि बाईला परत बोलवावं लागतं, ती तेव्हा खुरपायला गेलेली असते. व्हिनेगरचं उत्तर तिथल्या तिथे, आणि योग्य वाटलं तर त्याच दिवशी क्रायो, म्हणजे गार गॅसच्या दांडीनं तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं सोडायचं, परत तीन मिनिटं. भूलसुद्धा लागत नाही.

एक गोष्ट मात्र मला टोचते. ते ६४ मृत्यू ज्या गटात झाले त्यांना टेस्ट दिलीच नव्हती. तुलना नसेल तर काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण अशा ट्रायल्सवर यावरून बरीच टीका झाली आणि ती उगाच नव्हती.

आणि एवढं सगळं आपल्याच मातीत सिद्ध होऊनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या होत्या जेमतेम २ टक्के. "मला काही होत नाही, मग आतली तपासणी कशाला" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकलेलं आहे. त्यावर आता उपाय निघालाय, एचपीव्हीसाठी बाईनं स्वतःच आडोशाला जाऊन सॅम्पल घ्यायचं, कुणासमोर झोपायला नको. जागतिक आरोग्य संघटनेलाही ते मान्य आहे. मी आत्याला हे सांगितलं तर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "रिपोर्ट घरी येणार का? मग सूनबाईच्या फोनवर नको, माझ्या फोनवर पाठवा म्हणावं."