पुण्यातल्या भिंती इतकी वर्षं फिकटच का राहिल्या

घर रंगवायला काढलं की वाद ठरलेला, सगळं ऑफव्हाइट ठेवायचं का एखादी भिंत गडद करायची, आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस म्हणतंच की आपल्याकडे पहिल्यापासून फिकट रंगच असतात, तीच आपली साधी राहणी. हे अर्धंच खरं आहे. फिकट रंग आवडीने कमी आणि मालामुळे जास्त आले, आणि हे नीट कळलं तर शेडकार्ड बघताना उगाच दबून जायला होत नाही, म्हणून हे लिहितोय.

वाड्यांचं थोडक्यात सांगतो. तिथे नक्षी भिंतीपेक्षा लाकडावर जास्त, विश्रामबागवाड्याचं सागवानी काम बघितलं की लक्षात येतं. नानावाड्याच्या दिवाणखान्यात भिंतींवर चित्रं आहेत, पण ती ऐपत कारभाऱ्यांची. साध्या बिऱ्हाडात भिंतीला चुना, खाली गेरूचा पट्टा, जमीन सारवलेली नाहीतर शहाबादी. चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात थोडी नीळ, रंगच हवा असेल तर पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीची पूड. चुन्यात रंगाची पूड जास्त झाली की ती धरत नाही, पाठ टेकली की सदऱ्याला लागते, त्यामुळे रंग असला तरी हलकाच.

मग 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पूर आला आणि नदीकाठच्या पेठांमधले मातीत बांधलेले कितीतरी वाडे बसले. त्यानंतर शहर बाहेर सरकलं, वसाहती झाल्या, 1963 मध्ये राज्यात ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला आणि हळूहळू वाड्यातली माणसं दोन-तीन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये गेली. आज आपण ज्याला पुणेरी घराचे रंग म्हणतो ते मुख्यतः या ब्लॉकमधले आहेत, पेशवाईतले नाहीत.

या ब्लॉकच्या भिंतीला आतून सिमेंटचं प्लॅस्टर आणि त्यावर निरू, म्हणजे चुन्याचाच गुळगुळीत थर. ओल्या, नव्या निरूवर ऑइल पेंट मारला तर चुन्याच्या खारामुळे तेल खराब होतं आणि रंगाला फोड येतात, म्हणून पहिली एकदोन वर्षं नुसता चुना नाहीतर डिस्टेंपर मारायची पद्धत होती. ती एकदोन वर्षं पुष्कळ घरांत पंधरा वर्षं झाली हा भाग वेगळा.

आता डिस्टेंपर. या एका शब्दाने पुण्यात जेवढे घोळ झालेत तेवढे कशानेच झाले नसतील, म्हणून जरा सविस्तर. सुरुवातीचा ड्राय डिस्टेंपर म्हणजे पिशवीतली पूड, त्यात खडू, रंग आणि सरसासारखं चिकट काहीतरी, पाण्यात कालवायची आणि मारायची. ओला हात लागला की डाग. नंतर आला ऑइल बाउंड डिस्टेंपर, पेंटर लोक आजही त्याला नुसतं ऑइल बाउंड म्हणतात. यात खडूला धरून ठेवायला तेल घातलेलं, पण पातळ पाण्यानेच करायचं, आणि वाळल्यावर ओल्या फडक्याने हळू पुसता येतं. हा ऑइल पेंट नाही! ऑइल पेंट म्हणजे दारं-खिडक्यांना लावतात तो चकचकीत एनॅमल, टर्पेंटाइन घालून पातळ करतात तो. त्याच्यानंतरचा प्लास्टिक पेंट म्हणजे ॲक्रिलिक इमल्शन. आणि आता डिस्टेंपरमध्येही बऱ्याचदा तेलाच्या जागी ॲक्रिलिकच असतं, तरी तोंडात ऑइल बाउंड हेच नाव बसलंय. आमच्या घरी 1988 साली हॉलला ऑइल बाउंडचा भाव ठरला होता, आईला वाटलं ऑइल पेंट, साबणाने धुता येईल, आणि दिवाळीत तिने भिंत घासली तर नव्या पिस्ता रंगाखालचा जुना गुलाबी वर आला. तिला फार वाईट वाटलं होतं. पेंटरने फसवलं नव्हतं, दोघं एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होते.

पण रंगाच्या निवडीसाठी यातली खरी गोष्ट खडू आहे. डिस्टेंपरमध्ये खडू भरपूर, म्हणजे आधीच पांढरं, त्यात कितीही रंग घाला, मरून किंवा गर्द निळा होणारच नाही, पिस्ता, आकाशी, मोतिया, लिंबू, अबोली यांच्यातच सगळं फिरायचं. कार्डावर मोजक्या शेड, त्यातली एक शेजारच्यांकडे, एक मामाकडे. गडद रंग हवा तर ऑइल पेंट, म्हणून तो खाली तीन-चार फुटांचा पट्टा म्हणून यायचा, जिथे डोक्याचं तेल आणि पोरांचे हात लागतात. पट्ट्याची रेघ सरळ आली की काम चांगलं. आणि पॅटर्न म्हणाल तर रबरी रोलरचे वेलबुट्टीचे छापे, फिकट पिवळ्यावर चॉकलेटी नाहीतर चंदेरी. ते छापे आज लोकांना जुनाट वाटतात, मला मात्र अजून आवडतात, त्यात कारागिराचा हात दिसायचा, दोन पट्ट्यांचा सांधा जुळवणं सोपं नव्हतं. खाली मोझॅकची फरशी, तिच्यात आधीच चार रंगांचे खडे, त्यामुळे भिंत शांत असलेली बरीच वाटायची. वर ट्यूबलाइटचा निळसर उजेड, त्यात पिस्ता आणि आकाशी खुलायचे.

1990 च्या दशकात दुकानात रंग मिसळायची कॉम्प्युटरची मशीन यायला लागली आणि हे सगळं उलटलं. कमी पांढरा असलेला बेस, म्हणजे ज्यात शेड मिसळतात तो मूळ पेंट, आला, त्यात हवी ती गडद शेड निघते, पर्याय दहा-वीसवरून हजाराच्या वर गेले. पुढच्या काही वर्षांत मोझॅक जाऊन दोन बाय दोन फुटांच्या हस्तिदंती व्हिट्रिफाइड फरश्या आल्या, हिंजवडी-खराडीकडे मोठ्या स्कीम उभ्या राहिल्या, बिल्डर सगळ्यांना तोच ऑफव्हाइट मारून द्यायला लागला, आणि त्या एकसारखेपणाला उत्तर म्हणून एक भिंत केशरी नाहीतर जांभळी, तिलाच हायलायटर म्हणायला लागले. मग टेक्श्चर, मग वॉलपेपर, मग सगळीकडे करडा. करड्याबद्दल माझं मत चांगलं नाही. पावसाळ्यात चार महिने पुण्यात आभाळ करडंच असतं, त्यात आतही करडं म्हणजे दुपारी तीनला दिवे लावायचे. पश्चिमेच्या भिंतीला ओल असेल तर तो प्रश्न रंगाचा नाहीच, चुना ओल बाहेर सोडायचा, प्लास्टिक पेंट ती आत धरतो आणि पापुद्रे सुटतात, तिथे कुठलीही महाग शेड टिकत नाही.

मशीनने एक सवय मात्र बदलली, शेडला नावाऐवजी कोड आला. पूर्वी पेंटर डब्यात नजरेने रंग जुळवायचा, आता लोक कोड माळ्याच्या दाराच्या आत लिहून ठेवतात, आणि चार वर्षांनी त्याच कोडचा डबा आणून खिळ्याच्या भोकापुरताच हात मारला तर ठिपका वेगळा दिसतो, कारण भिंतीचा जुना रंग उतरलेला असतो. ती भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवावी लागते.