ग्रुप ॲडमिन आणि गुन्ह्याची भीती : एक खुलासा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांतील वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना संदेश अधूनमधून फिरत असतो : कोणत्याही सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला, तरी पहिला गुन्हा ॲडमिनवर दाखल होतो. हे विधान कायद्याला धरून नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले, की ॲडमिनला सदस्य घेण्याचा वा काढण्याचा मर्यादित अधिकार असतो आणि मजकूर पडण्यापूर्वी तो तपासण्याची सोय त्याच्याकडे नसते. त्यामुळे समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला फौजदारी जबाबदार धरता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये असाच निर्णय दिला. पुढे ॲडमिनला इतरांचे संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय मिळाली, पण तीही मजकूर पडून गेल्यानंतरचीच. स्वतः लिहिलेल्या वा पुढे ढकललेल्या मजकुराची जबाबदारी मात्र ॲडमिनची असतेच. ती प्रत्येक सदस्याचीही असते, हे संदेश फिरवणारे सोयीने विसरतात.

या धास्तीचा खरा तोटा वेगळा आहे. वर्गप्रतिनिधी ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ अशी व्यवस्था करून मोकळा होतो, नोट्सची देवाणघेवाण आणि शंका विचारणे थांबते, आणि यावल किंवा शहाद्याहून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याला सकाळचा तास होणार की नाही, एवढेही ग्रुपवर विचारता येत नाही.