सुरवंटाला लहानपण आठवतं का?

गोव्यातल्या आमच्या प्रियोळच्या घरात कुत्रा पाळायची सोय नव्हती. आजीचं सोवळं होतं. मांजर मनाला येईल तेव्हा यायची आणि जायची, तिला पाळलेली म्हणणं धाडसाचंच होतं. मग आम्हा भावंडांना उरला परसू, म्हणजे घरामागचा मोकळा तुकडा. चिऱ्याच्या गडग्यापासून बावीपर्यंतच्या त्या तुकड्यात लिंबाचं एक झाड होतं, कढीपत्त्याची दोन-तीन झुडपं, केळी आणि पावसाळ्यात साचणारं भरपूर पाणी. दुसऱ्या मुलांनी पोपट, ससे पाळले असतील. आम्ही सुरवंट पाळले, बेडूकमासे पाळले आणि धुळीत खड्डे करून बसणारे किडे पाळले. हिशेब मांडल्यावर आता लक्षात येतं की आमचं एकही जनावर वयात आलेलं नव्हतं. सगळी पोरंच. वयात आली की उडून जायची, उड्या मारत जायची, नाहीतर मरायची.

सगळ्यात लाडका होता लिंबावरचा सुरवंट. तो शोधायचा म्हणजे पानावर पाखरू कुठं शिटलंय ते बघायचं. अंड्यातून बाहेर आल्यापासून चौथ्या अवस्थेपर्यंत (दोन कातांमधला काळ म्हणजे एक अवस्था) हा प्राणी हुबेहूब विष्ठेसारखा दिसतो. काळपट तपकिरी अंग, मधोमध पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. मग एक दिवस तो कात टाकतो आणि नवीन कपडे घातल्यासारखा हिरवागार होऊन बसतो. खांद्यांवर खोट्या डोळ्यांची जोडीही येते. दादाला पहिल्यांदा वाटलं की मी सुरवंट बदलला. त्यावरून मारामारी झाली, ती आजीला सोडवावी लागली.

हे सोंग का बदलतं, याचा उलगडा 2008 साली जपानी संशोधकांनी केला. त्यांनी आपल्या लिंबावरच्या फुलपाखराच्या जवळच्या भाऊबंदावर काम केलं. कीटकांच्या अंगात ज्युव्हेनाईल हॉर्मोन नावाचं एक संप्रेरक असतं. ते भरपूर असेपर्यंत अंगाला 'अजून लहान आहेस' असा निरोप जात राहतो. चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीला त्याचं प्रमाण उतरतं आणि पुढच्या कातेखाली हिरवा रंग तयार होऊ लागतो. ते उतरायच्या वेळी बाहेरून हॉर्मोन लावलं, तर पाचव्या अवस्थेतलं पोर पुन्हा विष्ठेच्याच वेषात बाहेर येतं. वेष बदलण्यातही हिशेब आहे. बोटाच्या पेराहून मोठा झालेला सुरवंट विष्ठा म्हणून कोण खपवून घेईल?

त्याला बोटानं डिवचलं की डोक्यामागून केशरी-लाल, दोन टोकांचं मऊ शिंग सर्रकन बाहेर यायचं आणि आंबलेल्या लोण्यासारखा भपकारा सुटायचा. आमची सगळी मजा त्या शिंगात होती. दिवसातून दहा-दहा वेळा आम्ही ते बाहेर काढायला लावायचो. त्या वासात आयसोब्युटिरिक आम्ल असतं, म्हणजे लोणी खवट झालं की जे वास मारतं त्याचंच भावंड. मुंग्या आणि कोळी त्यानं मागे सरतात. आम्ही मागे सरत नव्हतो, एवढाच फरक.

कोषात जायच्या आदल्या दिवशी सुरवंट खाणं सोडतो, पातळ हगतो आणि जागा शोधत भटकतो. मग फांदीला बूड चिकटवून, कमरेभोवती रेशमाचा दोरा घेऊन, विजेच्या खांबावर चढलेल्या लाइनमनसारखा मागे रेलून बसतो. आम्ही लिंबाची फांदी पाण्याच्या बाटलीत खोचून पडवीत ठेवलेली असायची. एका सुट्टीत असे तीन कोष होते. दोनांतून फुलपाखरं आली. पंख सुरकुतलेले, ओल्या कागदासारखे. ती पंखांत रक्त भरून ते ताठ करायची आणि जाताना खालच्या वर्तमानपत्रावर एक मळकट थेंब टाकून जायची. कोषात साठलेला मळ तो. तिसरा कोष मात्र तपकिरी, कोरडा पडला. एका सकाळी त्याला टाचणीनं पाडावं एवढं भोक दिसलं आणि त्यातून तिळाहूनही बारीक गांधीलमाश्या निघू लागल्या. एक, दोन, दहा, मोजता येईनात इतक्या. या जातीची मादी सुरवंटावर येऊन बसते आणि तो कोषात जाईपर्यंत वाट बघते. कोष मऊ आहे तोवर ती त्यात अंडी घालते. आमची बाटली उघड्यावर होती, तेव्हा तिला कुणी अडवलंच नव्हतं. दादा रडला. मी रडलो नाही, कारण त्या माश्या मला जास्त आवडल्या होत्या. आज पाळलेल्या जनावरांविषयी बोलताना हे कबूल करायला थोडी लाज वाटते.

बेडूकमाशांच्या बाबतीत मात्र आमचा अडाणीपणाच नडला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतातल्या डबक्यांतून ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून आणायचे आणि न्हाणीघरामागच्या जुन्या घमेल्यात सोडायचे. आजी म्हणायची, "कितें रे हें?" आणि उत्तराची वाट न बघता जायची. आम्ही त्यांना पेज घालायचो, आपल्याला आवडते म्हणून. दुसऱ्या दिवशी पाणी आंबायचं. एका वर्षी चाळीसेक पोरं आणली. आठवड्यानं डझनभर राहिली आणि ती मात्र टुमटुमीत झाली होती. ती वाघबेडकाची पोरं होती. आपल्याकडच्या बऱ्याच बेडकांची पिल्लं शेवाळ खरवडून जगतात, पण वाघबेडकाचं पोर मांसाहारी असतं. डबक्यातली दुसऱ्या जातीची पिल्लं संपली की ते भावंडांवरही घसरतं. घमेल्यात जेवण आम्ही वाढत होतो, पण पोरं एकमेकांचंच जेवण झाली होती.

पुढचा अपघात त्याहून वाईट. पाय फुटले, शेपटी आखडू लागली, आम्ही खूष झालो आणि एका सकाळी निम्मी पिल्लं बुडून मेलेली सापडली. बेडूक पाण्यात बुडून मरतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढचे पाय फुटताना त्याचे कल्ले निकामी होत जातात आणि श्वास फुप्फुसांकडे येतो. त्या दिवसांत त्याला बाहेर येऊन टेकायला एक दगड लागतो. घमेल्याच्या कडा गुळगुळीत होत्या. या दिवसांत ते काही खातही नाही. तोंड कुरतडायच्या चोचीचं सोडून माशा पकडायच्या जबड्याचं होत असतं, लांबलचक आतडं आखडून आखूड होत असतं. गुजराण शेपटीवर चालते. तिच्यातल्या पेशी ठरल्या वेळी स्वतःला मोडून टाकतात आणि तो माल शरीर वापरतं.

हा सगळा उलटापालट कोण घडवून आणतं, हे 1912 साली ग्यूडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगातून समोर आलं. त्यानं बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खायला घातली. पोरं वाढायची थांबली आणि वेळेआधीच इवलेसे बेडूक होऊन बसली. आपल्या गळ्यातल्या ग्रंथीतूनही तेच हॉर्मोन पाझरतं. म्हणून आयोडीनची गरज आपल्यालाही आहे आणि बेडकालाही.

(गोव्यात वाघबेडकाचं दुसरं नाव 'जंपिंग चिकन'. पावसाच्या पहिल्या रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात उतरणारी माणसं अजून दिसतात. बेडकांचे पाय परदेशी पाठवायला 1987 साली बंदी आली आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना पकडणं हाच गुन्हा आहे. आमचं घमेलंही आज कायद्यात बसणार नाही, आणि ते बरंच आहे.)

पाऊस गेला की पडवीच्या पायऱ्यांखाली, वळचणीच्या आत कोरडी राहिलेली तांबडी धूळ मैद्यासारखी भुसभुशीत व्हायची. तिच्यात नरसाळ्यासारखे खड्डे पडायचे. खड्ड्याच्या तळाशी, धुळीत दडलेला, दोन वाकड्या जबड्यांचा एक किडा असायचा. इंग्रजीत त्याला अँटलायन म्हणतात, मुंग्यांचा सिंह. आम्ही त्याला 'उलटा' म्हणायचो, कारण तळहातावर ठेवला की तो मागे मागेच चालतो. खड्डाही तो मागे सरकत, गोल गोल फिरत, डोक्यानं माती उडवत खणतो. खड्ड्याची उतरण अशा कोनात असते की एक कण जास्त पडला तरी ती ढासळावी. मुंगी कडेवर आली की पाय सटकतो, ती वर चढायला बघते, खालून तिच्यावर मातीचा मारा होतो. मग जबडे. त्यातून तो तिच्या अंगात पाचक रस सोडतो आणि आतला मऊ भाग शोषून घेतो.

दादानं एकाला बशीभर धुळीत ठेवला होता. चार दिवस त्याची 'घाण' दिसेना म्हणून तो आजारी आहे असं ठरवून परत पायरीखाली सोडला. खरी गोष्ट अशी की या किड्याच्या आतड्याला मागची वाट जोडलेलीच नसते. मुंगी-मुंगी करत तो एक-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ वाढतो आणि न पचलेला सगळा गाळ पोटातच साठवतो. मातीच्या गोळीएवढ्या कोषातून पंख फुटून बाहेर पडला की मग एकदाच टाकतो. पंख फुटलेला उलटा दिसतो चतुरासारखा, फक्त मिशा लांब आणि टोकाला जाड. असले 'मरतुकडे चतुर' रात्री पडवीच्या दिव्यावर येऊन धडपडायचे. पायरीखालचा आणि दिव्यावरचा, दोघे एकच आहेत हे कळायला मला बी.एस्सी.पर्यंत जावं लागलं.

जागेवर बसून शिकार पायांशी यायची वाट बघणारा हा किडा काही शिकत असेल, असं कुणाला वाटलं नसतं. पण अमेरिकेत कॅरेन हॉलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसा प्रयोग केला. खाणं टाकण्याआधी दर वेळी थोडी वाळू खड्ड्याजवळ पाडायची. काहींना हा इशारा आणि खाणं नेमानं एकापाठोपाठ मिळालं, काहींना दोन्हींची गाठ न घालता. ज्यांना इशारा कळला ते लवकर वाढले आणि लवकर कोषात गेले.

हे सगळं गेल्या मे महिन्यात मी भाचीला सांगत होतो. आम्ही तिला पिसगाळचं फुलपाखरांचं उद्यान दाखवून आणलं होतं. घरी येऊन तिनं लिंबावरचा सुरवंट हुडकला, बरणीत घातला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "मामा, फुलपाखरू झाल्यावर याला आठवेल का, मी पाला घातला ते?"

कोषात सुरवंटाचा नुसता रस्सा होतो, असं सगळीकडे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. बरेचसे स्नायू आणि पचनाचा भाग मोडतो, पंख-पाय लहानपणापासून राखून ठेवलेल्या पेशींच्या गठ्ठ्यांतून उभे राहतात. पण 2013 मध्ये एका फुलपाखराच्या कोषाचं वेळोवेळी सीटी स्कॅन काढलं तेव्हा श्वासनलिका अगदी सुरुवातीच्या दिवसांपासून जागेवर दिसत होत्या. मेंदूही विरघळून जात नाही, त्याची नव्यानं जोडणी होते. मग जुनी आठवण?

2008 सालीच अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात ब्लॅकिस्टन, केसी आणि वाइस यांनी तंबाखूवरच्या एका पतंगाच्या सुरवंटांना एथिल ॲसिटेटचा वास दिला आणि सोबत विजेचा हलका झटका. सुरवंट तो वास टाळायला शिकले. पाचव्या अवस्थेत शिकलेले जेव्हा पतंग होऊन बाहेर आले, तेव्हा त्यांच्यातले चारांतले तीनजण त्या वासापासून दूर गेले. वास कोषाला चिकटून राहिला असेल, अशी शंका येते. त्यांनी कोष धुऊन पाहिले, न शिकवलेल्यांच्या कोषांना वास फासूनही पाहिला. फरक पडला नाही. मात्र तिसऱ्या अवस्थेत शिकलेल्यांना मोठेपणी काहीच आठवलं नाही. कारण बहुधा असं की मेंदूतले आठवणीचे जे धागे उशिरा तयार होतात ते कोषात टिकतात आणि आधीचे उसवले जातात. फळमाशीत तर 2023 मधल्या संशोधनात हे धागे इतके उसवलेले दिसले की आठवण टिकायला जागाच उरत नव्हती. बेडकाचं पुन्हा वेगळंच. अंड्यात असतानाच संत्र्याच्या वासाची ओळख झालेले बेडूक शेपूट गळाल्यावरही त्या वासाकडे जात होते, असं 1992 मध्ये दिसलं.

आपणही फार वेगळे नाही. बहुतेक माणसांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयामागे जात नाही. टोरोंटोतल्या संशोधकांनी 2014 मध्ये उंदरांवर दाखवलं की मेंदूत नव्या पेशींची भर जोरात पडत असते तेव्हा जुन्या आठवणी पुसल्या जातात. गिनिपिग जन्मतःच बराच तयार असतो, त्याच्या मेंदूत अशी भर कमी पडते आणि तो लहानपणचं कमी विसरतो. मला माझी पहिली आठवण विचाराल तर बावीच्या कठड्यावरचा शेवाळाचा वास. वय माहीत नाही.

भाचीला एवढं सगळं सांगितलं नाही. तिच्या बरणीतला सुरवंट तेव्हा शिटलेला डागच होता, म्हणजे फार तर चौथी अवस्था. ती दर दहा मिनिटांनी पेन्सिलीनं डिवचून त्याचं शिंग बाहेर काढत होती. मी तिला इतकंच म्हटलं, "आता काय करायचं ते करून घे. हा हिरवा झाला की मग जे करशील ते त्याला कदाचित लक्षात राहील." तंबाखूवरच्या पतंगाचा निकाल मी लिंबावरच्या सुरवंटाला लावत होतो, पण आठ वर्षांच्या मुलीसमोर एवढी सूट घ्यायला हरकत नसावी.

मंगळवारी सकाळी ती न्हाणीतून ओरडत आली. हिरवा झाला होता. त्या दिवसापासून पेन्सिल बरणीजवळ गेली नाही. रोज कोवळी पानं मात्र दुप्पट जात होती, आणि पान आत टाकण्याआधी ती त्याला आपलं नाव सांगायची.