रुग्ण-नातेवाईक निवास, नाशिक

उपचारासाठी गाव सोडून शहरात आलेल्या रुग्णाच्या सोबत्यांची राहण्या-जेवणाची आणि अंघोळीची सोय, तसेच ती सोय होते ती जागा. बोलण्यात तिला ठरावीक नाव नाही. कुणी धर्मशाळा म्हणतो, कुणी सेवासदन, कुणी नुसतीच ‘रूमची सोय’. केसपेपर काढून झाला, पेशंटला बेड मिळाला, की सोबत आलेल्यांपुढे प्रश्न उभा राहतो तो मात्र एकच : रात्री टेकायचं कुठं?

नाशिकला हा प्रश्न घेऊन येणारे लांबून येतात. जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी तालुक्यांतून गुंतागुंतीचे पेशंट त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडच्या ‘सिव्हिल’मध्ये पाठवले जातात. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांसाठी शालिमारचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. तिथे धुळे, जळगाव, नंदुरबारकडूनही लोक येतात. आडगावला वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे आणि मुंबई नाक्याच्या आसपास खासगी रुग्णालयांची दाटी. नंदुरबार इथून सुमारे दोनशे किलोमीटर. संध्याकाळी भेटायची वेळ संपते तेव्हा गावाकडची शेवटची एसटी बहुधा निघून गेलेली असते, आणि मिळाली तरी जाऊन उपयोग नसतो.

उपयोग नसतो, कारण आपल्याकडे नातेवाईक हा पाहुणा नसून उपचारातला एक हात असतो. औषधाची चिठ्ठी घेऊन मेडिकलवर जाणे, रक्ताची पिशवी आणणे, रिपोर्ट गोळा करणे, स्ट्रेचरला हात लावणे, पेशंटला भरवणे, संमतीच्या कागदावर सही करणे ही सगळी कामे त्याचीच. रात्री दोन वाजता वॉर्डच्या दारातून हाक येते, ‘सात नंबरचं कोण आहे?’ आणि व्हरांड्यातल्या पथाऱ्यांमधून कुणीतरी चपला शोधत उठतो. निवास कुठे असावा, हे ही हाकच ठरवते. चार किलोमीटरवर स्वच्छ खाट रिकामी राहते आणि दारासमोरची फरशी भरून जाते, याचे नवल वाटायचे कारण नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. त्या दिवसांत हे लोक फरशीवर आधी पुठ्ठा, त्यावर चटई आणि त्यावर घरची गोधडी अंथरतात.

परगावच्या माणसाला उतरायला जागा देण्याची रीत नाशिकला फार जुनी आहे. पांडवलेणीच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) इथे आपण चौसोपी विश्रामगृहे दिली, असे त्यात कोरले आहे. यांतले गोवर्धन म्हणजे नाशिकचाच परिसर. गंगापूरजवळ त्या नावाचे गाव आजही आहे. त्याच लेण्यातला दुसरा लेख पैशाचे गणित मांडतो. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. त्यांतल्या दोन हजारांवर दरमहा शेकडा एक. म्हणजे वर्षाचे दोनशे चाळीस, आणि त्यांतून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. धर्मशाळेच्या जिन्यात लावलेली देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी आणि ‘कायम निधी’ हा शब्द ज्याने पाहिला आहे, त्याला हे गणित परके वाटणार नाही.

पुढे रामकुंड आणि पंचवटीमुळे यात्रेकरूंची सोय हा गावचा धंदाही झाला आणि धर्मही. यजमान तीर्थोपाध्यायांच्या वाड्यात उतरत आणि वहीत पिढ्यांची नावे लिहून ठेवली जात. निरनिराळ्या समाजांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, आळंदी, देहू यांच्याबरोबर नाशिकलाही गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधली. नाशिक रोडला मुक्तिधाम मंदिराच्या आवारात यात्रेकरूंसाठी खोल्या आहेत. महापालिकेचे बिटको रुग्णालयही त्याच भागात आहे.

पण या सगळ्या व्यवस्थेच्या मनात जो माणूस आहे तो यात्रेकरू आहे. तो ठरवून येतो, कुटुंबकबिल्यासह येतो, स्नान-दर्शन उरकतो आणि तिसऱ्या दिवशी जातो. म्हणून धर्मशाळांचा रिवाज तीन दिवसांचा. रात्री दार लवकर बंद, आजारी माणसाला खोली नाही, एकट्या माणसाला तर बऱ्याच ठिकाणी नाहीच. यातला एकही नियम वाईट हेतूने केलेला नाही. पण आयसीयूबाहेर बसलेल्याला ‘किती दिवस राहणार?’ असे काउंटरवर विचारले, तर तो काय सांगणार? डॉक्टरांनाच ते ठाऊक नसते. त्यात सिंहस्थाच्या वर्षी तर शहरातली प्रत्येक खोली आधीच भरलेली. याआधीचा सिंहस्थ २०१५ मध्ये झाला, पुढचा मुख्य पर्वकाळ २०२७ मध्ये आहे. तेव्हाही अपघात आणि बाळंतपणे थांबणार नाहीत.

मुक्कामाची लांबी आजारावर असते. कर्करोगाचे ‘शेक’ म्हणजे रेडिएशन आठवड्याला पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे चालू शकते. एकेक शेक काही मिनिटांचा. पेशंट भरती नसतो, त्यामुळे त्याला बेड नाही. पण रोज यायचे म्हणून घरीही जाता येत नाही. इथे नातेवाइकाइतकीच पेशंटलाही खोली लागते, शिवाय पथ्याचे शिजवायला गॅस आणि जवळ संडास.

याहून अवघड अवस्था दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या आईची. तिला डिस्चार्ज मिळतो. बाळ काचेच्या पेटीत असते. दर दोन-तीन तासांनी दूध काढून वाटीत द्यायचे, दिवसा आणि रात्रीही. पोटाला टाके असलेली ही बाई कुठे झोपते, यावर त्या बाळाला किती दूध मिळणार हे बरेचसे ठरते. म्हणून नवजात कक्षाला लागून आयांची खोली असणे ही दानाची नाही, उपचाराची बाब आहे.

शासकीय योजना पेशंटपाशी येऊन थांबतात. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेत उपचार, पेशंटचे जेवण आणि परतीचे भाडे धरलेले आहे. सोबत्याची खोली आणि त्याचे जेवण त्यात नाही. बुडालेली मजुरी तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. जेवणापुरता आधार शिवभोजनाचा : २६ जानेवारी २०२० ला योजना सुरू झाली तेव्हा दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. जिल्हा रुग्णालये आणि बसस्थानके यांसारख्या वर्दळीच्या जागी ही केंद्रे असावीत, असे योजनेतच म्हटले होते. राहण्याचा विचार केलेली योजना एकच ठळक दिसते, ती ‘माहेरघर’. नाशिकसह राज्यातल्या आदिवासी जिल्ह्यांत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात बाळंतपणाआधी काही दिवस गरोदर बाईने घरच्या माणसासह येऊन राहायचे. नाव ज्याने सुचवले त्याला दाद द्यायला हवी. बाळंतपणाला बाई जिथे जाते ते घर.

मुंबईत ही सोय संस्थांनी बरीच आधी उभी केली. परळची नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून, तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांसाठी ओळखली जाते. अमेरिकेत आजारी मुलांच्या आई-बापांसाठी रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस नावाचे पहिले घर फिलाडेल्फियात १९७४ मध्ये उघडले.

नाशिकचे सर्वांत मोठे नातेवाईक निवास मात्र कुठल्याही पाटीशिवाय चालते. १९६० च्या दशकापासून सातपूर आणि मग अंबडच्या कारखान्यांत खानदेशातून माणसे आली, सिडकोच्या लहान घरांत स्थिरावली. गावातले कुणी सिव्हिलला भरती झाले, की फोन यांनाच. दोन खोल्यांत घरचे पाच आणि गावचे तीन. सकाळी कामावर जाताना मोटरसायकलच्या हँडलला डबा अडकवून तो रुग्णालयात पोचवायचा आणि तसेच पुढे पंचिंगला. चुलत मावशीच्या दिराचे नातेही इथे पुरते. आठवडा उलटला की घरच्या बाईचा आवाज जरा चढतो, पाहुण्याला तो कळतो, आणि ‘आज तिकडंच झोपतो, रात्री लागलं सवरलं तर’ असे म्हणून तो पिशवी उचलतो. व्हरांड्यातली बरीच माणसे अशी, नातेवाइकाचे घर असूनही आलेली असतात.

ज्यांचे कुणीच नाही ते लॉजवर जातात. तिथे चोवीस तासांचे भाडे, आधार कार्डाची झेरॉक्स आणि डिपॉझिट. दोन-तीन दिवसांत पैसे संपतात आणि तेही खाली फरशीवर येतात. फरशीवरच्या वस्तीचे कायदे कुणी लिहिलेले नाहीत. मोबाइल चार्जिंगचा एक पॉइंट सगळ्यांचा. पहाटे बायकांचे नळ आधी. कुणाचा पेशंट गेला तर त्या रात्री डबे उघडत नाहीत. डिस्चार्ज झालेले निघताना चटई, बादली आणि पाण्याचा जार शेजारच्या पथारीला देऊन जातात.