ऐनवेळी हात वर करणारा मदतनीस

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे आलेल्या बहुतेक मोठ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या माहितीपत्रकात 'लेव्हल २ एडास' हे शब्द ठळक अक्षरांत असतात. महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, टाटांच्या कर्व्ह ईव्ही आणि हॅरियर ईव्ही, ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक, बीवायडीची अ‍ॅटो ३, सगळ्यांकडे ही चालकाला मदत करणारी यंत्रणा आहे. पुढच्या गाडीशी अंतर राखायचं, लेनच्या मधोमध राहायचं, धडक होतेय असं वाटलं की स्वतःहून ब्रेक लावायचा, अशी ही कामं. गाडीसोबत जी जाडजूड पुस्तिका मिळते, तिच्यात याच यंत्रणेबद्दल पानंच्या पानं इशारे असतात: मुसळधार पावसात, धुक्यात, डोळ्यांवर येणाऱ्या उन्हात, पुसट पट्ट्यांवर, तीव्र वळणावर भरवसा ठेवू नका. माहितीपत्रक सगळे वाचतात, पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून राहते. या दोन कागदांमधली तफावत इलेक्ट्रिक गाड्यांनी आणलेली नाही. ती किमान १९५८ पासूनची आहे.

त्या वर्षी क्रायस्लर कंपनीने आपल्या महागड्या इम्पीरियल गाडीत वेग आपोआप कायम ठेवणारं एक उपकरण दिलं आणि त्याला नाव दिलं 'ऑटो-पायलट'. ते उपकरण शोधणारा राल्फ टीटर हा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला इंजिनिअर लहानपणीच्या एका अपघातात दोन्ही डोळे गमावून बसला होता. त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी व्हायचा आणि ऐकायला लागला की वाढायचा. शेजारी बसलेल्या टीटरला हे हिसके असह्य झाले आणि त्यातून ही कल्पना सुचली, असं सांगतात. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं. उपकरण वेग धरून ठेवायचं, बस्स. समोर काय आहे ते त्याला कळायचं नाही, स्टिअरिंगला ते हातही लावायचं नाही. तरी नाव 'ऑटो-पायलट'. पुढे कॅडिलॅकने वापरलेलं 'क्रूझ कंट्रोल' हे साधं नाव रूढ झालं, हे बरंच झालं म्हणायचं.

समोरचं दिसण्याची सोय यायला आणखी चार दशकं गेली. जपानमध्ये मित्सुबिशीने १९९० च्या दशकात लेझरने अंतर मोजण्याचे प्रयोग गाड्यांत आणले. त्या दशकाच्या शेवटी मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये रडारने पुढच्या गाडीशी अंतर राखणारं 'डिस्ट्रॉनिक' आलं. आजच्या यंत्रणांची सगळ्यात हट्टी मर्यादा या रडारच्या काळात जन्मली, म्हणून तिथे जरा थांबू.

रडारला एखादी वस्तू किती अंतरावर आहे आणि किती वेगाने जवळ येतेय हे फार चांगलं कळतं. पण १०० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या दृष्टीने रस्त्याकडेची पाटी, डोक्यावरचा पूल, डिव्हायडर, रस्त्यातलं लोखंडी झाकण हे सगळंच १०० च्या वेगाने अंगावर येत असतं. त्यातली पाटी कुठली आणि बंद पडलेला ट्रक कुठला, हे जुन्या रडारला ओळखता येत नव्हतं, कारण उंचीचा अंदाज त्याला जवळजवळ नव्हताच. प्रत्येक उभ्या वस्तूसाठी ब्रेक लावायचा तर गाडी पन्नास पावलंही पुढे जाणार नाही. तेव्हा इंजिनिअरांनी व्यवहारी मार्ग काढला: जे जमिनीला धरून स्थिर आहे, ते दुर्लक्षून टाकायचं, आणि चालत्या गाड्यांवर तेवढं लक्ष ठेवायचं. क्रूझ कंट्रोलसाठी हे चालून गेलं, कारण तेव्हा ती निव्वळ सोय होती, सुरक्षेचं साधन नव्हतं. पुढे याच पायावर मजले चढत गेले आणि वेगात असताना वाटेत उभं असलेलं वाहन ही या यंत्रणांची दुखरी जागा होऊन बसली. पुढची गाडी अचानक लेन बदलून बाजूला होते आणि तिच्यापुढे उभा असलेला ट्रक उघडा पडतो, हा प्रसंग तर सगळ्यात वाईट.

कॅमेऱ्याने यावर बराच उतारा दिला. १९९९ मध्ये जेरुसलेममध्ये सुरू झालेल्या मोबिलआय कंपनीने एका कॅमेऱ्याच्या चित्रावरून वाहनं, माणसं आणि पट्टे ओळखणारी चिप बनवली. व्होल्वोने २००८ मध्ये एक्ससी६० गाडीत शहरातल्या कमी वेगाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा दिली, ती मात्र लेझरवर चालणारी. पण कॅमेऱ्याचा स्वभाव निराळा. त्याला जे दाखवून शिकवलं असेल, तेच तो ओळखतो. शिवाय रडार पावसाला फारसं जुमानत नाही, कॅमेरा माणसासारखाच आंधळा होतो. दोघांची जोडी लावली तरी प्रश्न उरतोच, की दोघांची साक्ष जुळली नाही तर विश्वास कुणावर ठेवायचा? जरा शंका आली की ब्रेक लावायचा ठरवलं, तर मोकळ्या रस्त्यावर गाडी उगाच दचकून थांबते आणि मागचा येऊन आदळतो. खात्री पटेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर कधीतरी उशीर होतो. एक चूक कमी केली की दुसरी वाढते.

दरम्यान प्रयोगशाळांत पूर्ण स्वयंचलित गाडीचं स्वप्न चालूच होतं. १९९५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी पिट्सबर्गपासून सॅन डिएगोपर्यंत गाडी नेली. तिचं स्टिअरिंग ९८.२ टक्के अंतर संगणकाने सांभाळलं, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर माणसाकडे होते. साडेचार हजार किलोमीटरच्या त्या प्रवासात उरलेले १.८ टक्के म्हणजे ८० च्या आसपास किलोमीटर. ते एकसलग नसतात, कुठे येतील हे आधी ठाऊक नसतं, आणि नेमके अवघड तेच असतात. गेली तीस वर्षं हा सगळा उद्योग त्या उरलेल्या टक्क्यांच्या मागे धावतो आहे.

२०१४ मध्ये एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या. 'लेव्हल २' म्हणजे स्टिअरिंग आणि वेग दोन्ही यंत्र सांभाळेल, पण रस्त्यावर नजर चालकाने ठेवायची आणि जबाबदारीही त्याचीच. इथे इलेक्ट्रिक गाडीचा प्रवेश होतो. खरं तर बॅटरीचा आणि एडासचा मुळात काही संबंध नाही. डिझेलच्या एक्सयूव्ही७०० मध्येही ते २०२१ पासून आहेच. पण टेस्लासारखी इलेक्ट्रिक गाडी कोऱ्या पाटीवर आखली गेली: मध्यवर्ती संगणक, तारेवरून चालणारे ब्रेक आणि स्टिअरिंगची हुकमत, फोनसारखं घरबसल्या अपडेट होणारं सॉफ्टवेअर. फोनसारखी बनवली, तशी ती फोनसारखी विकलीही जाऊ लागली.

टेस्लाने ऑक्टोबर २०१५ मध्ये आपल्या मॉडेल एस ग्राहकांना अपडेटमधून 'ऑटोपायलट' दिलं. सत्तावन्न वर्षांनी तेच नाव. ७ मे २०१६ रोजी फ्लोरिडात विलिस्टनजवळ अशीच एक गाडी ताशी सुमारे ११९ किलोमीटर वेगाने रस्ता ओलांडणाऱ्या ट्रकच्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक ठार झाला. ब्रेक ना यंत्राने लावला, ना माणसाने. आडवा जाणारा ट्रेलर ओळखणं हे त्या पिढीच्या यंत्रणेचं कामच नव्हतं. ती पुढच्या गाडीची पाठ ओळखायला शिकलेली होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निघालं की ऑटोपायलट ३७ मिनिटं चालू होता आणि तेवढ्यात चालकाचे हात स्टिअरिंगवर जाणवले ते एकूण २५ सेकंद. मार्च २०१९ मध्ये फ्लोरिडातच डेलरे बीचला जवळजवळ तसाच अपघात पुन्हा झाला.

हे २५ सेकंद वाचून चालकाला बेजबाबदार ठरवणं सोपं आहे, आणि तो तसा होताही. पण माणूस या कामात नापास होतो, हे मोटारींच्या जगाला कळण्याआधी विमानदलाला कळलं होतं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या ब्रिटिश जवानांच्या नजरेतून खुणा निसटत होत्या. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थने घड्याळाच्या काट्यासारखं एक यंत्र करून चाचण्या घेतल्या. काटा कधीतरी दुप्पट उडी मारायचा, ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं चुकू लागली. १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज यांनी कारखाने आणि विमानांचा विचार करून दाखवून दिलं, की यंत्र सोपं काम स्वतःकडे घेतं, माणसाकडे फक्त अवघड उरतं, आणि सराव सुटल्यामुळे ते अवघडही त्याला नीट येत नाही. नव्वद टक्के चांगलं चालणारं एडास या अर्थाने पन्नास टक्के चालणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचं. वाईट चालणाऱ्यावर कुणी विसंबत नाही.

कंपन्यांनी यावर स्टिअरिंगमध्ये हाताचा ताण ओळखणारा सेन्सर बसवला. लोकांनी स्टिअरिंगला पाण्याची बाटली बांधली. चालकाचे डोळे पाहणारा कॅमेरा हा त्याहून बरा उपाय, जनरल मोटर्सने तो २०१७ मध्ये आणला, पण सरसकट सगळ्यांनी घेतला नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १४ यंत्रणा चालकावर किती लक्ष ठेवतात हे तपासलं. त्यातल्या ११ 'निकृष्ट' ठरल्या आणि समाधानकारक ठरली ती एक. टेस्लाला त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या २० लाखांहून अधिक गाड्यांचं सॉफ्टवेअर याच कारणासाठी बदलावं लागलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्यूरीने २०१९ च्याच दुसऱ्या एका जीवघेण्या अपघातात ३३ टक्के जबाबदारी कंपनीवर टाकली. खाली पडलेला फोन शोधायला वाकलेल्या चालकाकडे बाकीची गेली.

चीनमध्ये हेच वळण जास्त वेगाने आलं. २९ मार्च २०२५ च्या रात्री आन्हुई प्रांतात शाओमीची एसयू७ गाडी सहायक यंत्रणेवर ताशी ११६ किलोमीटरने धावत होती. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, लेन वळवलेली होती. यंत्रणेने अडथळ्याची सूचना दिली, वेग कमी करू लागली, चालकाने ताबा घेतला आणि गाडी सिमेंटच्या कठड्यावर आदळली. सूचनेपासून धडकेपर्यंत दोन ते चार सेकंद. गाडीतल्या तिन्ही तरुणी गेल्या. ऐनवेळी हात वर करणं म्हणजे काय, ते या चार सेकंदांत कळतं. पुढच्याच महिन्यात चीनच्या उद्योग मंत्रालयाने कंपन्यांना बोलावून जाहिरातीत 'स्वयंचलित', 'स्मार्ट ड्रायव्हिंग' असे शब्द वापरायला मनाई केली. अमेरिकेत टेस्लानेही 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग'पुढे 'देखरेखीखाली' असा शब्द जोडला होता, तो २०२४ मध्ये.

उलट उदाहरणही आहे. मर्सिडीजने जर्मनीत डिसेंबर २०२१ मध्ये लेव्हल ३ ची परवानगी मिळवली, इलेक्ट्रिक ईक्यूएसमध्येही ती यंत्रणा दिली, आणि ती चालू असताना गाडी चालवण्याचं काम खरोखर यंत्राचं ठरलं. अटी बघा: ठरावीक महामार्ग, सुरुवातीला वेग ६० पर्यंतच, हवा स्वच्छ. जबाबदारी अंगावर घ्यायची म्हटल्यावर आश्वासन किती आकसतं, ते इथे दिसतं.

आपल्याकडे आलेलं तंत्र याच घराण्यातलं. बीई ६ च्या वरच्या मॉडेलमध्ये पाच रडार आणि मोबिलआयची चिप आहे, म्हणजे उपकरणांत कमतरता नाही. अडचण रस्त्याची आहे. द्रुतगती मार्गावर पुढच्या गाडीशी सुरक्षित अंतर सोडलं, की त्या फटीत कुणीतरी घुसतं. गाडी ब्रेक लावते, पुन्हा अंतर सोडते, पुन्हा कुणी घुसतं. शेवटी चालक वैतागून अंतर सगळ्यात कमीवर ठेवतो किंवा यंत्रणाच बंद करतो. उलट दिशेने येणारी दुचाकी, न रंगवलेला गतिरोधक, खड्डा चुकवायला लेन सोडणाऱ्या चालकाला पुन्हा लेनमध्ये ओढणारं स्टिअरिंग, ही सगळी रोजची गाऱ्हाणी. आणि जुलैत खंडाळ्याच्या घाटात धुकं-पाऊस एकत्र आले, की पडद्यावर कॅमेरा उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. ऊन असताना सोबत, पाऊस आला की रजा.

पश्चिम महाराष्ट्रात ऊस गळिताच्या हंगामात रात्री रस्त्यावर काय असतं, ते कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको. ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या मोळ्यांखाली. पंक्चर झाली तर तिथेच उभी, मागे झाडाची फांदी आणि चार दगड. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ मध्ये घेतलेल्या चाचणीत रात्री पादचाऱ्यांसाठीचे आपोआप ब्रेक अजिबात कामी आले नव्हते. यंत्रणा तेव्हापासून सुधारल्या आहेत. पण दिवे नसलेली, गाडीच्या पाठीसारखी न दिसणारी आणि जागेवर उभी असलेली वस्तू म्हणजे रडारची जुनी खोड आणि कॅमेऱ्याचं अपुरं शिक्षण, दोन्ही एकाच ठिकाणी.

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, तेव्हा वेळेवर लागलेला एक ब्रेकही मोलाचाच. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने काढलेल्या मसुद्यात आपोआप ब्रेक, चालकाच्या झोपेची सूचना आणि लेन सुटल्याचा इशारा सक्तीचे करण्याचा प्रस्ताव आला. तो आठहून अधिक प्रवासी नेणारी वाहनं, बस आणि ट्रक यांच्यासाठी होता. खासगी मोटार त्यात नव्हती. तिथे एडास अजून बहुतेक ठिकाणी वरच्या व्हेरिएंटसोबतच मिळतं, सनरूफच्या शेजारच्या ओळीत.